दहा नंबरचा पाना: आरोग्य विभागाला एका सायकलवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वयाच्या बाराव्या वर्षी हातात पाना घेतला, तो अजून सुटलेला नाही. इतक्या वर्षांत तो सगळ्यात भीत भीत फिरवला माझ्याच मुलीच्या पायावर. आखूड पाय वाढवायला बसवलेल्या फ्रेमच्या चार रॉडवरचे नट, दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव फेरा. पन्नास दिवसांच्या वर हे चाललं. त्याबद्दलच हे पत्र आहे. मुलीचं नाव लिहीत नाही. ती सातवीत आहे आणि आपल्यावर कोणी काही लिहिलेलं तिला अजिबात खपत नाही.

ती जन्मली तेव्हा डावा पाय थोडा आखूड होता. नडगी पुढच्या बाजूला किंचित वाकलेली, वाकल्या जागी कातडीला एक खळी, आणि पावलाला पाचाऐवजी चार बोटं. प्रसूती झाली तिथल्या बाईंनी पाय उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “बाळ गुटगुटीत आहे, वाढेल तसा पाय बरोबर होईल.” आमच्या आईने मात्र तिथल्या तिथे निकाल दिला. सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि सुनेने विळीवर वांगी चिरली, म्हणून हे झालं. माझी बायको हे पाच वर्षं ऐकत राहिली. वाद घालायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि माझ्याकडे तर त्याहून नव्हतं.

पाच वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. गुडघ्याखाली आपल्याला दोन हाडं असतात, नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक हाड, फिब्युला. माझ्या मुलीला ते बारीक हाड नव्हतंच. दुखण्याचं नाव फिब्युलर हेमिमेलिया. साधारण चाळीस हजार जन्मांत एखाद्या बाळाला असतं. हात-पाय गर्भात घडतात ते चौथ्या ते आठव्या आठवड्यात, बहुतेक वेळा यामागचं कारण सापडत नाही आणि ते आईवडिलांकडून आलेलंही नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोने विचारलं, “म्हणजे सातव्या महिन्यात काही केलं तरी...?” डॉक्टर म्हणाले, “ताई, तोवर पाय केव्हाच तयार झालेला होता.” ती दवाखान्यातच रडायला लागली. मला आधी वाटलं पायासाठी रडतेय.

त्यानंतर त्यांनी एक हिशेब सांगितला, तो माझ्या डोक्यात पक्का बसला. अशा मुलांचा आखूड पाय वाढतो, पण दुसऱ्या पायाच्या ठरावीक प्रमाणातच वाढतो. जन्मतः जे प्रमाण असतं तेच शेवटपर्यंत टिकतं. मुलींचा पाय तिसऱ्या वर्षी आणि मुलांचा चौथ्या वर्षी पूर्ण वाढीच्या निम्मा झालेला असतो. म्हणून मुलीच्या बाबतीत तिसऱ्या वर्षीचा फरक दुप्पट केला की मोठेपणीचा फरक निघतो. डॉक्टरांनी विचारलं, तिसऱ्या वर्षी मोजला होता का? कोणीच मोजला नव्हता. पण मला आकडा माहीत होता, कारण तिच्या चपलेला बाजारातल्या चप्पलवाल्याकडून मी जो रबराचा सोल लावून घेतला होता, तो बरोबर चार सेंटिमीटर जाडीचा होता. चाराचे आठ. आठ सेंटिमीटर फरक घेऊन माझी मुलगी मोठी होणार होती, आणि पट्टी असलेल्या कोणत्याही माणसाला हे दोन वर्षं आधी सांगता आलं असतं.

आता तुमच्याकडे वळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. चांगलाच कार्यक्रम आहे. आमच्या गल्लीतल्या एका पोराचं हृदयाचं छिद्र अशाच तपासणीत सापडलं आणि आज ते पोर माझ्या दुकानात पंक्चर काढायला येतं. या कार्यक्रमात जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत. वाकडी पावलं म्हणजे क्लबफूट त्यात आहे, खुब्याचा सांधा निखळलेला असणं आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष आहेत. हातापायाचं हाडच कमी असणं हे त्या नवांत नाही. दिसणारं व्यंग म्हणून तपासणीचं एखादं पथक नोंद करतही असेल. पण नाव नाही म्हणून पुढची वाटही आखलेली नाही. कुठे पाठवायचं, कोणत्या वयात पाठवायचं, आईला काय सांगायचं, हे पथकातल्या डॉक्टरने स्वतःच्या हिंमतीवर ठरवायचं. यात मी पथकाला दोष देत नाही. ज्या गाडीचा पार्टच कॅटलॉगमध्ये नाही तो पार्ट मीही मागवू शकत नाही.

उशीर झाल्याने काय बिघडलं असं कोणी विचारेल. लांबी वाढवायची शस्त्रक्रिया तर तशीही नंतरच होते. खरं आहे, आमच्या मुलीची आठव्या वर्षी झाली. पण पाचव्या वर्षी आमच्यासमोर जो निर्णय ठेवला गेला, त्यातला अर्धा भाग तोवर शिळा झाला होता. या आजारात दोन रस्ते असतात. पाऊल कामाचं असेल, तीन किंवा जास्त बोटं असतील, फरक बेताचा असेल, तर पाय राखून लांबी वाढवतात. फरक फारच मोठा, म्हणजे तीस टक्क्यांच्या पुढे असेल किंवा पाऊल टेकतच नसेल, तर घोट्यापासून पाऊल काढून टाचेची गादी तेवढी राखतात आणि कृत्रिम पाय बसवतात. ऐकायला हे भयंकर वाटतं. मलाही वाटलं. पण वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलाला भेटायला त्याचा मावसभाऊ यायचा, बीडकडचा, असाच कृत्रिम पाय लावलेला. तो बाळ असतानाच, उभा राहायला लागला त्या सुमारास, त्याच्या आईवडिलांनी हा निर्णय घेतला होता. पोरगा वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये पळायचा आणि नर्सच्या शिव्या खायचा. एक शस्त्रक्रिया, मग वाढेल तसा पाय बदलायचा, एवढंच त्याचं दुखणं. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, जयपूर फूटचं नाव तर खेड्यापाड्यातल्या माणसालाही माहीत आहे. म्हणजे सोय आहे. पण त्या रस्त्याचं योग्य वय वर्ष-दीड वर्षाचं. पाच वर्षांची, धावणारी, बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये नाचलेली मुलगी समोर असताना पाऊल काढायचं का, हे बोलायचं तरी कोणी आणि कसं? आमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांचा कलही पाय राखण्याकडेच होता, आणि आज पुन्हा विचारलंत तर मीही तेच सांगेन. माझी तक्रार एवढीच आहे की दुसरा रस्ता मला खऱ्या अर्थाने कधी दाखवलाच गेला नाही, आणि ज्यांची बाळं माझ्या मुलीपेक्षा जास्त अडचणीत असतात त्यांनाही तो वेळेत दिसत नाही. मग ते लोक दहा-पंधरा वर्षं एकामागून एक शस्त्रक्रियांत काढतात.

लांबी कशी वाढवतात हे माहीत नसलेले बरेच असतील. आजकाल मोबाईलवर उंची वाढवायच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती येतात, धडधाकट पायांच्या लोकांसाठी. ते प्रकरण निराळं आहे, त्यात मी पडत नाही. ही पद्धत सापडली रशियात, सायबेरियातल्या कुर्गान गावात, गाव्रिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरला, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात. पायाभोवती लोखंडी कडी, कड्यांतून हाडाच्या आरपार ताणून बसवलेल्या तारा, आणि कडी एकमेकांपासून दूर सरकवायला आटे पाडलेले रॉड. सुरुवातीला त्याने सायकलचे आरे वापरले होते. हे ऐकल्यावर मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये हसलो, आणि मग थोडा धीर आला. तारा ताणलेल्या असतात म्हणून बारीक असूनही वजन पेलतात. चाकाचे आरे तरी दुसरं काय करतात? असंही सांगतात की मोडलेलं हाड दाबून धरण्यासाठी नट आवळायचा होता, एका रुग्णाने तो उलटा फिरवला आणि मधल्या फटीत नवं हाड धरलेलं दिसलं. खरं-खोटं इलिझारोव्ह जाणे. पण दुकानात काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटते.

मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांनी हे तंत्र मुंबई-पुण्याबाहेर रुजवलं. म्हणजे ज्ञान आपल्याकडे नाही असं म्हणायला जागा नाही.

शस्त्रक्रियेत डॉक्टर नडगीचं हाड कापतात आणि फ्रेम बसवतात. पाच-सात दिवस थांबतात. मग दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने दोन तुकडे दूर करायचे, आणि तो मिलिमीटरही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. सहा एमएमचा रॉड, त्याला एक एमएमचा आटा, दहा नंबरचा पाना. पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. पाच सेंटिमीटरला दोनशे पाव फेरे, चार रॉडचे मिळून आठशे. जास्त घाई केली तर हाड धरत नाही आणि शिरा ताणतात, फार हळू केलं तर हाड मधेच जुळून जातं. लांबी वाढून झाली की नवं हाड पिकायला सोडायचं, साधारण दर सेंटिमीटरला महिना किंवा त्याहून जास्त. फ्रेम आमच्या घरात सात महिने होती.

पाना फिरवायचं काम डॉक्टर करत नाहीत, नर्स करत नाहीत. आईबाप करतात. पहिल्या दिवशी नर्सने माझ्या हातात पाना दिला आणि रॉडवर मार्करने खूण करून दिली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. रात्री बाराला मुलगी झोपलेली असायची, मी मोबाईल तोंडात धरून उजेड पाडायचो. तिला कळू नये म्हणून श्वास धरायचो, आणि तिला दर वेळी कळायचं.

पण पान्याची गोष्ट सोपी होती. अवघड होता तो गुडघा. हाड गुमान ऐकतं, पोटरीचं मांस मात्र ऐकत नाही. रोज ओढलं गेल्यावर ते पाय मागे खेचून धरतं, गुडघा वाकून बसतो, टाच वर उचलली जाते. अठ्ठाविसाव्या दिवशी माझ्या मुलीचा गुडघा सरळ होईना. आमच्या तालुक्यात तेव्हा सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट नव्हता. खासगी एक होता, तो आठवड्यातून दोन दिवस यायचा आणि त्याने अशी फ्रेम कधी पाहिली नव्हती. डॉक्टरांनी फोनवर वेग पाऊण मिलिमीटरवर आणायला सांगितला आणि म्हणाले, रोज तासभर ताण द्या, जमत नसेल तर इकडे येऊन राहा. आम्ही जाऊन राहिलो. रुग्णालयामागच्या गल्लीत एक खोली, दोन महिने. दुकान ४७ दिवस बंद होतं. नंतर मेव्हण्याने अर्धा दिवस उघडायला सुरुवात केली.

रोज सकाळी फिजिओथेरपीच्या खोलीतून तिचं ओरडणं जिन्यापर्यंत यायचं. माझ्यापेक्षा बायको घट्ट. ती आत मुलीचा हात धरून बसायची, मी बाहेर चहाच्या गाडीवर. तारांच्या भोकांभोवती दोनदा पू झाला. रोज सलाईनच्या पाण्याने प्रत्येक तार पुसायची, चौदा तारांची अठ्ठावीस तोंडं. कोणत्या तोंडातून पाणी येतंय, कोणतं लाल झालंय, हे बायको वहीत लिहायची. ती वही बघून डॉक्टरांनी एकदा इंटर्नला बोलावून दाखवली. शेजारच्या शिंपीणबाईंनी तिच्या सगळ्या सलवारी एका बाजूने उसवून चिकटपट्टी लावून दिल्या आणि एक पैसा घेतला नाही. एसटीची पायरी एवढी उंच का असते, हा प्रश्न मला त्या वर्षी पहिल्यांदा पडला.

शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली आणि त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. जुलै २०१२ मध्ये जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा आमचा सोलापूर जिल्हा त्यात होता. आता ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आहे. पण पॅकेज नावाची गोष्ट मुळात दवाखान्यात भरती झाल्यापासून घरी सोडेपर्यंतचा विचार करते. अपेंडिक्सला ते चालतं, टाके काढले की माणूस मोकळा. या आजारात घरी सोडतात त्या दिवशी पाय एक मिलिमीटरही वाढलेला नसतो! सगळं काम त्यानंतर. खोलीभाडं, दर पंधरा दिवसांनी एक्स-रेसाठी दीडशे किलोमीटर जाणं-येणं, फिजिओ, बुडालेली रोजी, हे आम्ही कसं भागवलं ते लिहून मी तुमचा वेळ घेत नाही. बायकोच्या गळ्यात आता काळे मणी तेवढे आहेत. माझ्यापेक्षा गरीब माणूस काय करतो तेही मी पाहिलंय. वॉर्डात ओळख झालेला एक ऊसतोड कामगार हंगाम सुरू झाला म्हणून मुलाला फ्रेमसकट घेऊन कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, गेला. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा त्या मुलाचा गुडघा नव्वद अंशात बसलेला होता. लांबी साडेचार सेंटिमीटर वाढली होती, कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी होती, आणि पोराला पाय जमिनीला टेकवता येत नव्हता.

तो माणूस बेफिकीर होता असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. त्याच्यावर उचल होती.

म्हणून माझं मागणं आहे की या शस्त्रक्रियेचे पैसे देताना पुढच्या वर्षाचेही द्या. नट फिरवण्याच्या काळात रुग्णालयाजवळ राहायची सोय, एका पालकाला रोजंदारीएवढी भरपाई, प्रवासाचा पास, आणि ठरलेल्या दिवसांची फिजिओथेरपी हे सगळं त्याच पॅकेजात हवं, वेगळ्या अर्जावर आणि वेगळ्या सहीवर नको. रुग्णालयाला शेवटचा हप्ता द्यायचा तो गुडघा सरळ होतो का आणि टाच टेकते का हे पाहून द्या. मग बघा, घरी सोडलेल्या मुलाची आठवण सगळ्यांना कशी राहते. आणि ही शस्त्रक्रिया गल्लोगल्ली होऊ देऊ नका. वर्षाकाठी एखाद-दुसरी करणाऱ्यापेक्षा हेच काम सतत करणारी तीन-चार केंद्रं ठरवा, तिथे पाठवा, आणि तालुक्याच्या फिजिओला तिथे पंधरा दिवस शिकायला बसवा. चाकाचा आउट काढायला मी नवख्या पोराला हात लावू देत नाही, हे तर लेकराचं हाड आहे.

तपासणीच्या यादीत या मुलांचं नाव घाला. नऊची दहा नावं झाली तर कागद फाटणार नाही. अंगणवाडीत वजन-उंची घेतात तेव्हा मुलाला सरळ झोपवून दोन्ही गुडघे आणि दोन्ही टाचा जुळवून पाहा, याला मिनिटसुद्धा लागत नाही. क्लबफूटच्या बाबतीत तुम्ही हे करून दाखवलंय. तिथे बाळ काही आठवड्यांचं असताना प्लास्टर सुरू होतं, मग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री बूट-पट्टी, आणि ती घातली जाते का हे विचारणारं कोणीतरी असतं. उपचार प्लास्टरवर संपत नाही हे तिथे सरकारला कळलेलं आहे.

आणि आशाताईंना एक वाक्य शिकवा. बाळंतिणीच्या खाटेपाशी, सासू शेजारी बसलेली असताना, मोठ्याने म्हणायचं: “यात आईची काही चूक नाही.” याला बजेट लागत नाही. आमच्या घरी ते वाक्य पाच वर्षं उशिरा आलं. आईने नंतर सुनेची माफी वगैरे मागितली नाही, तसली ती नाही. पण फ्रेमच्या दिवसांत रात्री बाराचा पाना असायचा तेव्हा म्हातारी उठून चहा ठेवायची.

आठातले पाच सेंटिमीटर झाले. तीन राहिले. त्यासाठी पुन्हा फ्रेम नको, चांगल्या पायाची वाढ गुडघ्यापाशी थोडी आधी थांबवायची, म्हणजे आखूड पाय त्याला गाठेल, असं डॉक्टर म्हणतात. ही शस्त्रक्रिया छोटी आहे, पण वय अचूक लागतं, आणि ते वय आत्ताचंच आहे. चांगल्या पायाला कशाला हात लावायचा, असं आई म्हणते. उंची तीन सेंटिमीटर कमी झाली तर चालेल का, असं आम्ही मुलीलाच विचारलं. तिने दाराच्या चौकटीला टेकून बोटांनी तीन सेंटिमीटर मोजले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “पुन्हा पाना नाही ना? मग चालेल.”

दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मागितली आहे. त्याआधी आमच्या तालुक्याला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर दुकानाच्या पत्त्यावर कळवा. बाजारपेठेत कोणालाही सायकलवाला विचारलं की सांगतात.

आपला,
एक सायकलवाला
जि. सोलापूर